घड्याळावर कोण होतं

१

मनीषनगरातल्या गजभियांच्या फ्लॅटमध्ये मी पोचले तेव्हा दिवाणावर एका बाईची बॅग रिकामी केलेली होती. जेवणाचा डबा, स्कार्फ, मोबाइलचा चार्जर, एसटीचा पास, गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. बॅगची मालकीण दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसली होती. तिशीची असेल. ती आपल्या वस्तूंकडे बघत नव्हती.

"मॅडम, बाबांची एक वही चोरीला गेली," भावना म्हणाली. "सव्वीसपैकी एक. बारा नंबरची."

भावना माझी जुनी खेळाडू. मी प्रेमलता धवड, नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं खेळाची शिक्षिका होते. जिल्ह्याच्या बास्केटबॉल सामन्यांत टेबलावर बसून गुणपत्रक लिहायचं कामही मी पुष्कळ वर्षं केलं. वय चोरून खेळणाऱ्या पोरी आणि त्यांचे खोटे दाखले पकडण्यात माझा हातखंडा होता. निवृत्त झाल्यावर त्या जोरावर लोक मला भलत्याच कामांना बोलावू लागले.

या वह्यांबद्दल मला आधीपासून माहीत होतं. भावनाचे वडील प्रेमानंद गजभिये सत्याऐंशी साली इलेक्ट्रिशियन म्हणून बहरीनला गेले आणि तिथल्या अल-फनार या बास्केटबॉल क्लबात लागले. गोदीतल्या कामगारांच्या पोरांनी डांबरी मैदानावर दोन खांब रोवून सुरू केलेला हा क्लब. पुढे तो व्यावसायिक झाला, अमेरिकेतले खेळाडू पगारावर येऊ लागले, मोठा हॉल उभा राहिला. गजभिये आधी दिवे आणि धावफलक दुरुस्त करायचे, नंतर सामन्याच्या टेबलावर बसून घड्याळ चालवू लागले. सव्वीस हंगाम त्यांनी तिथे काढले आणि दर हंगामाची एक वही मराठीत लिहिली. प्रत्येक सामना, प्रत्येक खेळाडूचे गुण, फाउल, आणि खाली टेबलावर कोण कोण होतं त्यांची नावं.

यंदा क्लबला पन्नास वर्षं होत होती. इतिहासाचं पुस्तक निघणार होतं, पण हॉलच्या तळघरात पाणी शिरून क्लबची स्वतःची कागदपत्रं केव्हाच गेली होती. जगात उरल्या होत्या त्या फक्त मनीषनगरातल्या या वह्या. त्या स्कॅन करायचं काम नागपुरातल्या एका कंपनीला मिळालं आणि कंपनीनं दीपमालाला पाठवलं. खुर्चीवर बसली होती ती हीच.

"काल सकाळी हिनं सव्वीस वह्यांच्या पावतीवर सही केली," भावना म्हणाली. "आज सकाळी पंचवीस. रात्री घरात फक्त आई-बाबा. मग कोण नेणार? मी हिच्या साहेबांना फोन केला. सोमवारपासून येऊ नको म्हणाले ते हिला."

बॅग एकदा तपासून झाली होती. तरी मी पुढे होऊन आतल्या कप्प्याची चेन उघडली आणि बोटं घालून पाहिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. सवयीनं केलं. दीपमाला तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"त्यात मावत नाही जी वही. फुलस्केप आहे ती."

२

वही गेल्याचं लक्षात आणून दिलं होतं दीपमालानंच. शुक्रवारी तिच्या अकरा वह्या झाल्या. शनिवारी नऊला येऊन तिनं पुढची उघडली, तर तो तेरावा हंगाम निघाला. तिनं गजभियेंना विचारलं. ते म्हणाले, आधीच कमी असेल, मोजायला चुकली असशील. मग मायाताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, लेकीला बोलावून घेतलं.

"काल बाहेरचं आणखी कोण आलं होतं?" मी विचारलं.

आला होता एक. दुर्गेश, स्थानिक दैनिकाचा क्रीडा वार्ताहर. गजभियेंवर बातमी करायला तीन वाजता आला, वह्यांच्या कपाटाशेजारीच बसला, आणि त्यानं नेमकी नव्याण्णव सालच्या अंतिम सामन्याची वही मागितली होती. बारा नंबरची तीच.

मी त्याला तिथूनच फोन लावला.

"मागितली ना, मॅडम," तो म्हणाला. "क्लबची पहिली ट्रॉफी, शेवटच्या सेकंदाला बास्केट, एका गुणानं विजय. त्या पानाचा फोटो मले पाहिजेच होता. पण काका म्हणाले, उद्या ये. मी चार वाजता निघून आलो. काहून, काय झालं?"

चार वाजता निघालेल्या माणसानं वही नेली का, हे दीपमालाच्या मोबाइलनं सांगितलं. काम संपलं की उरलेल्या वह्यांचा फोटो ऑफिसला पाठवायचा असा तिच्याकडे नियम होता. फोटो शुक्रवारी पाच वाजून सात मिनिटांचा. ब्राउन कव्हरच्या कडा मी चष्मा लावून मोजल्या. पंधरा. सव्वीसातून अकरा गेल्या की पंधराच उरतात. दुर्गेश सुटला.

भावनाचं त्यावर म्हणणं होतं की फोटो काढल्यावर हिनंच बॅगेत घातली असणार.

"तू किती वाजता निघालीस?" मी दीपमालाला विचारलं.

"फोटो काढला अन् निघालीच. खाप्याची एसटी पकडायची असते मले. काकूंनी थांबवलं दोन मिनिटं." ती जरा अडखळली. "हरभऱ्याची भाजी दिली त्यांनी. गावाकडून आली होती म्हणे. बॅग त्यांनीच उघडली, डबा बाजूले सारला अन् वरपर्यंत भरून दिली. मग खाली गेटपर्यंत आल्या माझ्यासंगं."

मी मायाताईंकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. म्हणजे बॅगेत वही नव्हती हे त्यांना कालपासून ठाऊक होतं. आज त्यांच्यासमोर लेकीनं तीच बॅग दिवाणावर उलटी केली आणि त्या गप्प राहिल्या.

"मायाताई, हे खरं आहे?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "भाजी दिली होती," एवढंच म्हणाल्या आणि आत वळल्या.

३

भावना आदल्या दिवशी दुपारीच आपल्या घरी गेली होती आणि सकाळी चोरी उघड झाल्यावर आली होती. दुर्गेश सुटला, दीपमाला सुटली. राहिली दोन माणसं. मायाताईंनी वही घेतली असती तर त्यांनी लेकीला बोलावून बोभाटा केला नसता. पण घरच्या माणसानं आपलीच वही का लपवावी, आणि एका परक्या बाईला त्यासाठी चोर का ठरू द्यावं?

गजभिये आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. सडपातळ, सहासष्ट वर्षांचे, स्वेटरच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या.

"जाऊ द्या ना मॅडम," ते म्हणाले. "एक वही नसली तर काय अडून राहिलं त्यायचं?"

"नसेल अडत. पण त्यात काय होतं ते तर सांगा. तुम्हाला आठवतं का काही?"

त्यांचा चेहरा खुलला. माणूस रंगात आला.

"सगळं आठवते. एकाहत्तर-सत्तर. मध्यंतराले आम्ही नऊ पॉइंटनं मागं. जासिमचे तेवीस, अमेरिकन पोराचे एकोणीस. उंच अली पाच फाउल होऊन बाहेर बसला होता. दोन सेकंद राहिले अन् बाहेरून बॉल आत आला. जासिमनं कोपऱ्यातून मारला. बारा वर्षं मी त्याईले हारताना पाहिलं होतं, मॅडम. पोरं मैदानावर लोळून रडत होते."

"वा. आणि टेबलावर तुमच्यासोबत कोण होतं?"

स्वेटरच्या वरच्या गुंडीशी त्यांचा हात गेला.

"ते नाही आठवत आता. लई दिवस झाले."

सत्तावीस वर्षांपूर्वी पाचव्या फाउलवर बाहेर गेलेला खेळाडू ज्याला आठवतो, त्याला हाताच्या अंतरावर बसलेला माणूस आठवत नाही. मी आयुष्यभर टेबलावर बसले आहे. शेजारचा माणूस मी तरी विसरले नाही.

४

बाहेर येऊन मी अकरावी आणि तेरावी वही मागितली. दीपमालानं दोन्ही समोर ठेवल्या. अक्षर मोत्यासारखं. प्रत्येक सामन्याच्या खाली तोच रकाना. घड्याळ: प्रेमानंद. तीस सेकंद: कधी एक मल्याळी नाव, कधी दुसरं. तेव्हा हल्ला करणाऱ्या संघाला तीस सेकंदांत बॉल मारावा लागायचा, त्याचं वेगळं यंत्र असायचं आणि त्यावर वेगळा माणूस. अकराव्या वहीच्या शेवटच्या सात सामन्यांत तिथे नवीन नाव दिसलं. तीस सेकंद: मारोती ठवकर.

तेराव्या वहीत पहिल्या पानापासून शेवटपर्यंत हे नाव कुठेच नव्हतं.

"मारोती ठवकर कोण?" मी विचारलं.

भावनाला माहीत नव्हतं. उत्तर दीपमालाकडून आलं, दबक्या आवाजात.

"ते नाव पुस्तकात आहे, मॅडम. कच्चा मसुदा आलाय आमच्याकडे इंग्रजीत, आकडे ताडून बघायला. सहाव्या प्रकरणात. काल चहा पिताना मी काकांना दाखवला होता. म्हटलं, खूश होतील."

तिनं मोबाइलवर पान काढलं. मी वाचत गेले. नव्याण्णवच्या विजयाचं मोठं वर्णन होतं आणि शेवटी एक छोटा परिच्छेद. प्रतिस्पर्धी संघानं तक्रार केली. व्हिडिओत दिसलं की बॉल खेळाडूच्या हाती पडताच सुरू व्हायचं घड्याळ उशिरा सुरू झालं होतं, म्हणजे संघाला जादा वेळ मिळाला होता. निकाल कायम राहिला. घड्याळावर बसलेल्या मारोती ठवकर या नवख्या भारतीय मदतनिसानं चौकशीत चूक कबूल केली आणि त्याला मायदेशी परत पाठवण्यात आलं.

"हे वाचून काका काय म्हणाले?"

"काही नाही. मोबाइल परत दिला. चहा तसाच राहिला त्यांचा."

मी अकरावी वही पुन्हा चाळली. त्या आधीच्या चार वह्याही चाळल्या. शेकडो सामने. घड्याळावर प्रेमानंदशिवाय दुसरं नाव एकदाही नाही. आजारी असतानाही तेच होते, कंसात 'ताप' असं लिहून. मग क्लबच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, वर्षभरापूर्वी आलेला नवखा पोरगा घड्याळावर कसा बसला?

बसलाच नव्हता. आणि ते ज्या पानावर लिहिलेलं होतं, ते पान आज दीपमालाच्या हाती पडणार होतं.

मी मान वर केली तर गजभिये खोलीच्या दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

५

"वही कुठं आहे?" मी विचारलं.

त्यांची नजर बाल्कनीकडे गेली. मायाताई बोलल्या.

"बाल्कनीत. कूलरच्या आत. सकाळी मी तुळशीले पानी टाकाले गेली, तं हे ताडपत्री बांधून राहिले होते. जानेवारीत कूलरचं काय काम? मी विचारलं बी नाही. भावनाले बोलावल्यावर ध्यानात आलं माझ्या." त्यांचे डोळे भरून आले. "या पोरीची बॅग उलटी केली तवा मी बोलाले पाहिजे होतं. माझं तोंड उघडलं नाही."

गजभिये बाल्कनीत गेले, ताडपत्री सोडली आणि वही आणून माझ्यासमोर ठेवली. शेवटून तिसरं पान. घड्याळ: प्रेमानंद. तीस सेकंद: मारोती ठवकर. आणि खाली बारीक अक्षरात: 'घड्याळ माझ्याकडून उशिरा चालू झालं.'

"त्याच संध्याकाळी लिहिलं होतं," ते म्हणाले. "वहीत खोटं लिहिणं जमलं नाही. फाडाले हातही झाला नाही."

"बाबा, काय झालं होतं?" भावनाचा आवाज बारीक झाला होता.

ते उभ्यानंच बोलले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बॉल जासिमच्या हातात पडला अन् माझं बोट बटनावर होतं. मी दाबलंच नाही. बघत राहिलो. दाबलं तेव्हा बॉल जाळीत होता. मुद्दाम नाही केलं, पण केलं मीच. तिसऱ्या दिवशी बाहेरच्या चौकशी कमिटीनं आम्हाले दोघाले बोलावलं. मारोतीले मीच नेलं होतं तिकडं, आयटीआयमध्ये माझ्या मागं शिकलेला पोरगा. त्याले ना अरबी येत होती, ना इंग्रजी. मीच त्याचा दुभाषी. साहेबानं विचारलं, घड्याळावर कोण होतं? मारोती म्हणाला, मी तीस सेकंदावर होतो, साहेबाले सांगा दादा."

"मग तुम्ही सांगितलं ना?" भावनानं विचारलं.

गजभियेंनी लेकीकडे पाहिलं नाही.

"मी सांगितलं, हा म्हणते, चूक माझ्याकडून झाली, माफ करा. मारोतीले वाटलं मी त्याचंच बोलणं सांगून राहिलो. त्यानं जोरजोरानं मान डोलावली. ते पाहून साहेबाची खात्रीच पटली."

बाहेर भाजीवाल्याचा भोंगा वाजत गेला.

"आठ दिवसांत त्याले परत पाठवलं. गावाकडून त्यानं तीन पत्रं लिहिली मले. दादा, साहेबाची काही गफलत झाली आहे, त्यायले समजावून सांगा." त्यांनी दाराजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. "तो कमिटीपुढं असाच बसला होता. हात मांडीवर ठेवून. सकाळपासून मी आतून ह्या बाईले पाहून राहिलो अन् बाहेर आलो नाही."

भावना जमिनीकडे बघत होती. मग ती उठून दीपमालाजवळ गेली. "सॉरी, ताई. मी..."

"सॉरी नका म्हणू," दीपमाला म्हणाली. "साहेबांना लेखी द्या. वही घरातच सापडली, माझा संबंध नव्हता. माझं नाव घालून लिहा. फोनवरचं कोणी ध्यानात ठेवत नाही."

भावनानं तिथेच बसून लिहिलं, पाठवलं, वाचूनही दाखवलं. दीपमाला आपल्या वस्तू एकेक करून बॅगेत भरत होती. मीही जवळ गेले आणि म्हटलं, मघाशी मी आतल्या कप्प्यात हात घालायला नको होता. तिनं ऐकून घेतलं. 'असू द्या' म्हणाली नाही. तिनं ते म्हणावं असं मला फार वाटत होतं, हेही मला नंतर लाजिरवाणं वाटलं.

६

बारावी वही स्कॅन झाली. गजभियेंनी क्लबला पत्र लिहिलं, सही केली, सहाव्या प्रकरणातला परिच्छेद बदलून येणार हेही कळलं. पण ते पुस्तक बहरीनमध्ये निघणार होतं. पारशिवनीजवळच्या मारोतीच्या गावात ते कोण वाचणार? हे भावनाच म्हणाली. पुढच्या रविवारी ती वडिलांना घेऊन निघाली आणि गजभियेंनी मला सोबत यायला सांगितलं.

गावात शिरल्यावर आम्ही एका बाईला मारोतराव ठवकरांचं घर विचारलं. तिला कळेना. मग तिची ट्यूब पेटली. "कोन, घड्याळ्या? असं म्हना नं! तो काय, मोटारीचं दुकान."

गजभियेंचा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि पुन्हा पाहायचं टाळलं.

मारोतराव पाणबुडी मोटारीवर तांब्याची तार गुंडाळत बसले होते. चोपन्न वर्षांचे, केस पांढरे. त्यांनी ओळखलं आणि हसून उठायला लागले. "दादा! तुम्ही इकडं कसे?"

"बस, मारोती. आधी ऐकून घे."

गजभियेंनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. मारोतरावांच्या हातातली तार तशीच राहिली.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले.

गजभियेंनी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे मी जे म्हणालो ते साहेबापर्यंत गेलंच नाही?"

"नाही."

मारोतरावांनी तार खाली ठेवली. "मी इतके वर्षं काय समजून राहिलो, माहीत आहे का दादा? मले वाटे, माझीच चूक. मले त्यायची भाषा आली असती तं नीट सांगता आलं असतं. दोन्ही पोरीले नागपुरात ठेवून इंग्रजी शिकवलं मी. म्हटलं, यायले कोणापुढं दुभाषी लागू नये." त्यांचा आवाज चढला नव्हता. "इथं गावात तिकडून आलेल्या एकानं बातमी पसरवली. बेइमानी केली म्हणून हाकलला. घड्याळ्या नाव पडलं. पोरी शाळेत गेल्या तं घड्याळ्याच्या पोरी. बायको दोन वर्षांखाली गेली. तिले वाटे, मी काहीतरी केलंच असन."

"मी काय करू, मारोती? तू म्हणशील ते करतो."

मारोतरावांनी खुंटीवरचा शर्ट काढून घातला. गुंड्या लावल्या. "चाला," म्हणाले.

शेजारच्या घरापुढे एक म्हातारे उन्हात बसले होते. "देवाजी काका," मारोतरावांनी हाक मारली, "हे नागपूरचे गजभिये. बहरीनले माझ्यासंगं होते. यायले तुम्हाले काही सांगायचं आहे."

मग ते एक पाऊल मागे सरले. गजभियेंनी हात जोडले आणि सांगितलं. घड्याळावर मी होतो. मारोती नव्हता. मी खोटं बोललो. देवाजींनी दोनदा विचारून खात्री केली. म्हणाले, आता इतक्या वर्षांनी? गजभियेंनी पुन्हा हात जोडले.

पुढचं घर. मग त्याच्या पुढचं. कोणी ऐकून आत निघून गेलं, कोणी शिवी दिली, एका बाईनं तोंडावर पदर धरून मारोतरावांना नमस्कार केला. किराणा दुकानापुढे सातआठ जण होते, तिथे गजभियेंचा आवाज फुटेना. भावना पुढे झाली. "बाबांच्या वतीनं मी सांगते..."

"नाही, बाई," मारोतराव म्हणाले. "मधात कोणी नको. त्याईलेच बोलू द्या."

गजभिये एक पाऊल पुढे आले आणि बोलले. भावना मान खाली घालून माझ्या शेजारी उभी राहिली. मीही कुठे बघावं ते न कळून रस्त्याकडेच पाहत होते.

दुपारी दोनपर्यंत एकोणचाळीस घरं झाली. गजभियेंचे ओठ कोरडे पडले होते. एका ओट्यापाशी मारोतराव थांबले, घरात जाऊन तांब्या-पेला घेऊन आले आणि स्वतः पाणी ओतलं.

"प्या," त्यांनी पेला पुढे केला. "वरचा मोहल्ला राहिला अजून."